साक्ष देणारी संपादिका : व्हिक्टोरिया ओकाम्पो



गेल्या शतकाच्या चवथ्या दशकांतली गोष्ट. ब्वेनोस आयरेस आणि बर्लिन या दोन शहरांमध्यें एका व्यापाऱ्याचें आपल्या पत्नीशीं टेलिफोनवर बोलणें चाललें होतें. त्या काळीं समुद्रापलीकडे टेलिफोन करणें ही मोठ्या खर्चाची बाब, आणि बोलावयास मिनिटें मिळत तीं तीनच. गृहस्थाला कांहीं कामें सांगावयाचीं होतीं. मध्यें बोलूं नको, असें त्यानें आरंभींच बजावलें. पत्नीनें ती आज्ञा इतक्या निष्ठेनें पाळली, कीं तीन मिनिटें संपलीं, टेलिफोन बंद झाला, आणि त्या बिचारीच्या तोंडून एक अक्षरहि बाहेर पडलें नाहीं.

हा प्रसंग सांगितला व्हिक्टोरिया ओकाम्पो या आर्जेन्टिनाच्या लेखिकेनें, आणि तोहि नभोवाणीवरून. स्त्री आणि तिचें आत्मप्रकटन हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. तें ब्वेनोस आयरेसहून स्पेनमधील श्रोत्यांपर्यंत पोंचविण्यांत आलें आणि १९३६ सालीं पुस्तिकेच्या रूपानें प्रसिद्ध झालें. बाईंचा मुद्दा असा, कीं पुरुषानें आजवर स्त्रीशीं जें संभाषण केलें तें बहुतांशीं अशाच मासल्याचें एकतर्फी भाषण आहे. स्त्रीला बोलावयाचें नव्हतें असें नाहीं. तिला बोलण्याची पाळीच मिळाली नाहीं. स्वतः आपल्याला मात्र श्रोत्यांनीं मध्येंच अडवावें अशी इच्छा त्यांनीं त्या वेळीं प्रकट केली. नभोवाणीच्या यंत्रांत तशी सोय नसते, ही अडचण त्यांनाहि होती आणि आज मलाहि आहे.

या बाईंनीं आयुष्यांत मुख्यतः दोन कामें केलीं. चाळीस वर्षें एक वाङ्मयीन नियतकालिक चालवून त्यांनीं इतरांना बोलण्याची पाळी मिळवून दिली; आणि आपल्या स्वतःच्या आयुष्याची साक्ष लिहून ठेविली. संपादकाला आपला आवाज आंवरावा लागतो. आत्मचरित्र लिहिणाराला तो मोकळा सोडावा लागतो. वरवर परस्परविरुद्ध दिसणारीं हीं दोन कामें वस्तुतः एकाच गरजेंतून कशीं जन्माला आलीं, आणि त्यांसाठीं त्यांना काय मोल द्यावें लागलें, तेवढें आज मला सांगावयाचें आहे.

व्हिक्टोरियाचा जन्म ७ एप्रिल १८९० रोजीं ब्वेनोस आयरेस येथें झाला. घराणें जुनें, जमीनजुमल्याचें आणि मातबर. वडील मान्युएल ओकाम्पो हे इंजिनियर होते. घरांत सहा मुली, मुलगा नाहीं. त्यांत व्हिक्टोरिया थोरली. सर्वांत धाकटी सिल्व्हिना हीहि पुढें नामांकित कथालेखिका झाली. मुलींना शाळेंत पाठविण्याची रीत त्या घरांत नव्हती. त्यांना शिकवावयास फ्रेंच आणि इंग्रज शिक्षिका ठेवलेल्या असत. परिणाम असा झाला, कीं मुलगी बोले स्पॅनिश, पण लिहूं लागली फ्रेंचमध्यें. पुढें कित्येक वर्षें बाईंचे लेख मूळ फ्रेंच भाषेंत लिहिले जात आणि मग त्यांचें स्पॅनिशमध्यें भाषांतर होई. आपल्याच देशांतल्या वाचकांशीं भाषांतराच्या द्वारें बोलावें लागणें, ही स्थिति इंग्रजींतून शिकून निघालेल्या आपल्याकडील पिढ्यांना अगदींच परकी वाटणार नाहीं. भाषांतर हें ज्यांनीं पुढें आपल्या संपादनाचें मुख्य अंग मानलें त्या बाई स्वतःच एका अर्थानें भाषांतरित लेखिका होत्या.

मुलगी बुद्धिमान होती, रूपवान होती, आणि तिला रंगभूमीची ओढ होती. पॅरिसमध्यें असतां तिनें बर्गसाँ यांचीं तत्त्वज्ञानावरील व्याख्यानें ऐकलीं; मार्गरीत मोरेनो या नामवंत नटीपाशीं तिनें काव्यवाचनाचे धडेहि घेतले. परंतु प्रतिष्ठित घरच्या मुलीनें रंगभूमीवर पाऊल ठेवणें वडिलांना कदापि मान्य होण्यासारखें नव्हतें. तो मार्ग बंद झाला. १९१२ सालीं, घरच्या जाचांतून सुटण्याचा दुसरा उपाय दिसेना म्हणून म्हणा, तिनें लुईस बेर्नार्दो दे एस्त्रादा या तरुणाशीं विवाह केला. विवाहानंतर युरोपच्या प्रवासांतच दोघांचीं मनें दुरावलीं. त्याच प्रवासांत रोम शहरीं पतीच्याच नात्यांतल्या हूलियान मार्तीनेस या गृहस्थाशीं तिची ओळख झाली, आणि त्या ओळखींतून पुढें जो अनुराग उत्पन्न झाला तो कित्येक वर्षें टिकला. आईबापांना धक्का बसूं नये म्हणून तो लपवून ठेवावा लागला. पतीपासून विभक्त होण्यास पुढें दहा वर्षें गेलीं; घटस्फोटाची तर गोष्टच नको, कारण त्याचा स्थायी कायदा आर्जेन्टिनांत झाला तो १९८७ सालीं, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं.

हा सगळा वृत्तान्त मी खाजगी गोष्टी उकरून काढण्याच्या हौसेनें सांगत नाहीं. तो बाईंनीं स्वतःच लिहून ठेवला आहे. तो त्यांनीं कां लिहिला, आणि आपल्या हयातींत कां छापला नाहीं, या प्रश्नाकडे मी शेवटीं येणार आहें.

लेखनाचा आरंभ १९२० सालीं झाला. ‘ला नासिओन’ या वृत्तपत्रांत त्यांचा दान्तेवरचा पहिला लेख आला. दान्तेवरचें पुढील लिखाण त्यांनीं पॉल ग्रूसाक या ज्येष्ठ आणि कठोर टीकाकाराला दाखविलें, तेव्हां विद्वत्तेचा हा आव सोडून कांहीं स्वतःच्या अनुभवांतलें लिहावें, असा सल्ला त्यांना मिळाला. यांतला पेंच लक्षांत घ्या. स्त्रीनें दान्तेवर लिहिलें तर तो तिचा अधिकार नव्हे. आणि तिनें खरोखरीच स्वतःविषयीं लिहिलें असतें तर त्या समाजानें तिला निर्लज्ज ठरविलें असतें. बाईंनीं त्यांतून आपली वाट काढली. दान्ते हाच माझा स्वतःचा अनुभव आहे, अशा थाटांत त्यांनीं लिहिलें, आणि तें पुस्तक १९२४ सालीं माद्रिदहून, ओर्तेगा इ गासेत या विख्यात स्पॅनिश तत्त्वज्ञाच्या उपसंहारासह प्रसिद्ध झालें.

त्याच १९२४ सालच्या नोव्हेंबरमध्यें रवीन्द्रनाथ टागोर ब्वेनोस आयरेसच्या बंदरांत उतरले. आयाकुचोच्या लढाईच्या शताब्दीनिमित्त ते पेरू देशाला निघाले होते. परंतु बोटीवरच आजारी पडले आणि डॉक्टरांनीं पुढचा प्रवास मना केला. बरोबर लेनर्ड एल्महर्स्ट हे चिटणीस होते. व्हिक्टोरियाबाईंनीं ‘गीतांजलि’ आंद्रे जीद यांच्या फ्रेंच भाषांतरांतून दहा वर्षांपूर्वींच वाचली होती, आणि ती त्यांच्या आयुष्यांतल्या मोठ्या मानसिक क्लेशाच्या काळीं. हॉटेलांतल्या त्या आजारी कवीला आपल्या येथें न्यावें असें त्यांनीं ठरविलें. आईबापांनीं आपलें घर देण्याचें नाकारलें. तेव्हां त्यांनीं सान इसिद्रो या उपनगरांत, प्लाता नदीच्या उंच कांठावर, नात्यांतल्या एकाचा बंगला भाड्यानें घेतला आणि त्याच्या भाड्यासाठीं आपला हिऱ्यांचा मुकुट विकला.

जवळजवळ दोन महिने कविवर्य तेथें राहिले. तीं कविता लिहीत असतां खोडलेल्या ओळींना जोडून ते जीं चमत्कारिक चित्रें काढीत त्यांत बाईंना खरी कला दिसली. व्हिक्टोरिया या नांवाचें त्यांनीं ‘विजया’ असें रूप केलें आणि १९२५ सालीं निघालेला ‘पूरबी’ हा काव्यसंग्रह त्या विजयेला अर्पण केला. परत जातांना त्यांची आवडती आरामखुर्ची त्यांच्याबरोबर पाठविण्याचा बाईंनीं हट्ट धरला. ती केबिनच्या दारांतून आंत जाईना, तेव्हां बोटीच्या कप्तानाला त्यांनीं दारच काढावयास लाविलें. ती खुर्ची शांतिनिकेतनांत पोंचली, आणि १९४१ सालीं, मृत्यूपूर्वीं थोडेच महिने, कवीनें तिच्यावर एक कविता लिहिली. १९३० च्या मे महिन्यांत रवीन्द्रनाथांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन पॅरिसमध्यें भरलें, तेंहि बाईंच्याच खटपटीनें. त्यानंतर दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं.

या प्रसंगाकडे केवळ एका भावनाप्रधान स्त्रीची भक्ति म्हणून पाहण्याची रीत आहे. मला त्यांत भावी संपादिका दिसते. दुसऱ्याच्या हातून निघालेल्या, त्याला स्वतःलाहि ज्याची फारशी किंमत वाटत नाहीं अशा कागदाकडे पाहून, हें जगापुढें आलें पाहिजे असें ओळखणें, आणि तें आणण्यासाठीं स्वतःच्या पदराला खार लावून घेणें, हेंच तर संपादकाचें काम आहे.

तें काम विधिपूर्वक सुरू झालें जानेवारी १९३१ मध्यें. अमेरिकन लेखक वॉल्डो फ्रँक १९२९ सालीं आर्जेन्टिनाला आले होते. दोन्ही अमेरिकांना आणि युरोपला जोडणारें एक नियतकालिक काढा, असा आग्रह त्यांनीं बाईंपाशीं धरला, आणि एदुआर्दो माल्येआ या तरुण लेखकानें त्याला पाठिंबा दिला. नांव कोणतें ठेवावें याविषयीं बाईंनीं माद्रिदला ओर्तेगा यांस टेलिफोन केला. त्यांनीं सुचविलें, ‘सूर’. आपल्या कानांना हा शब्द गाण्यांतला वाटेल. स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ दक्षिण दिशा असा आहे. वेष्टनावर खालीं, म्हणजे दक्षिणेकडे, टोंक असलेला एक बाण असे.

‘सूर’नें काय केलें? होर्हे लुईस बोर्हेस या लेखकाचें नांव आज जगभर घेतलें जातें. त्याच्या ज्या कथांनीं कथावाङ्मयाचें स्वरूप पालटलें त्यांतल्या कांहीं प्रमुख कथा १९३९ पासून प्रथम ‘सूर’च्याच पानांवर छापल्या गेल्या. १९४२ सालीं राष्ट्रीय पारितोषिक देतांना बोर्हेसच्या कथासंग्रहाला डावलण्यांत आलें, तेव्हां ‘सूर’नें त्या अन्यायाच्या परिमार्जनार्थ जुलैच्या अंकांत अनेक लेखकांचे लेख एकत्र छापले. १९३३ सालीं ‘सूर’च्या नांवानें प्रकाशनसंस्था निघाली. तिच्यामार्फत लोर्का, हक्सले, युंग यांचे ग्रंथ स्पॅनिश वाचकांच्या हातीं आले. गाब्रिएला मिस्त्राल या चिलीच्या कवयित्रीचा ‘ताला’ हा संग्रह १९३८ सालीं याच संस्थेनें काढला आणि त्याचें उत्पन्न स्पेनच्या यादवी युद्धांत पोरक्या झालेल्या बास्क मुलांसाठीं देण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्स जर्मनांच्या टांचेखालीं गेला, तेव्हां ब्वेनोस आयरेसमध्यें अडकून पडलेल्या रोजे कायवा या फ्रेंच लेखकाच्या संपादकत्वाखालीं बाईंनीं स्वतःच्या खर्चानें एक फ्रेंच त्रैमासिक चालविलें. मायदेशीं ज्यांचीं तोंडें बंद झालीं होतीं त्यांना बोलण्यासाठीं ही दूरची जागा मिळाली.

आतां या सर्वांविरुद्ध जो आक्षेप त्या काळीं आणि नंतरहि घेतला गेला तोहि सांगितला पाहिजे. ‘सूर’ हें श्रीमंतांचें, परदेशाकडे डोळे लावून बसलेलें नियतकालिक आहे, देशांतल्या सामान्य माणसाचें दुःख त्याच्या पानांत उमटत नाहीं, असें टीकाकार म्हणत. यांत तथ्य नव्हतें असें मी म्हणणार नाहीं. बाईंच्या बैठकींत स्त्राविन्स्की आणि काम्यू होते, गोदीकामगार नव्हता. परंतु दुसरीहि बाजू आहे. त्या नियतकालिकानें बाईंना पैसा मिळवून दिला नाहीं. त्यांची वडिलोपार्जित संपत्ति मात्र त्यांत आटत गेली. श्रीमंतीचा उपयोग घोडे आणि दागिने यांवर करण्याची सर्व मुभा असतां ती छापखान्याची बिलें आणि भाषांतरकारांचे मोबदले यांवर खर्च करणाराच्या हेतूविषयीं शंका घेणें कठीण आहे.

आणि खर्च केवळ पैशाचाच नव्हता. नोव्हेंबर १९३४ मध्यें लंडन येथें एका छायाचित्रप्रदर्शनांत आल्डस हक्सले यांनीं बाईंची गांठ व्हर्जिनिया वुल्फ यांच्याशीं घालून दिली. वुल्फबाईंना दक्षिण अमेरिका म्हणजे अफाट माळरानें आणि फुलपांखरें असें कांहींसें वाटे. तेव्हां व्हिक्टोरियाबाईंनीं त्यांना खरोखरीच दक्षिण अमेरिकेंतल्या फुलपांखरांची एक कांचेची पेटी भेट दिली. या गमतीमागें एक गंभीर गोष्ट घडली. स्त्रियांनीं लिहिलेलीं खरीं, प्रामाणिक आत्मचरित्रें फारच थोडीं आहेत, तेव्हां दान्तेनंतर तुम्ही स्वतःकडे वळा, अशा आशयाचें पत्र वुल्फबाईंनीं त्यांना लिहिलें. ग्रूसाकनेंहि स्वतःविषयीं लिहा असेंच सुचविलें होतें. पण त्याचा सल्ला दार लावून घेणारा होता, हा दार उघडणारा होता. १९३५ सालीं बाईंच्या निबंधांचा पहिला खंड ‘तेस्तिमोनियोस’, म्हणजे ‘साक्षी’, या नांवानें निघाला आणि त्याच्या आरंभीं व्हर्जिनिया वुल्फ यांस उद्देशून लिहिलेलें पत्र होतें. ‘सूर’च्या अंकांतून वुल्फबाईंचा स्त्री आणि वाङ्मय यांवरचा सुप्रसिद्ध दीर्घ निबंध क्रमशः स्पॅनिशमध्यें छापला गेला.

त्याच सुमारास आर्जेन्टिनाच्या सरकारपुढें दिवाणी कायद्यांत एक दुरुस्ती करण्याचा विचार होता. १९२६ च्या कायद्यानें विवाहित स्त्रीला जे थोडे हक्क मिळाले होते ते काढून घेऊन, नवऱ्याच्या परवानगीवांचून तिला नोकरी करतां येऊं नये, असा तिचा रोंख होता. बाईंनीं १९३६ सालीं मारिया रोसा ओलिव्हेर आणि सुसाना लार्गिया यांच्यासह आर्जेन्टिनी स्त्रियांचा संघ स्थापन केला आणि त्याचें अध्यक्षपद घेतलें. त्यांनीं सभा घेतल्या, पत्रकें वाटलीं. ती दुरुस्ती शेवटीं बारगळली. १९४६ सालीं न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवरचा खटला पाहण्याचा योग बाईंना आला. आरोपींच्या पिंजऱ्यांत एकहि स्त्री नव्हती. गुन्ह्यांत स्त्रियांचा हात नव्हता, हें न्यायासनावरहि स्त्री नसण्याचें कारण कसें होऊं शकतें, असा प्रश्न त्यांनीं आपल्या वृत्तांतांत उपस्थित केला. साक्षीदाराची ही दृष्टि आहे. जें समोर आहे तें सर्वजण पाहतात. जें नाहीं तें साक्षीदारानें पाहिलें पाहिजे.

परंतु इतिहास कोणालाहि सुखासुखीं मोठें होऊं देत नाहीं. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४७ सालीं, पेरोन यांच्या राजवटींत, आणि त्याचें श्रेय एव्हा पेरोन यांच्या पदरांत पडलें. घटनाबाह्य सरकारनें हुकुमानें दिलेला मताधिकार आम्हांला नको, अशी भूमिका व्हिक्टोरियाबाईंनीं १९४५ सालींच घेतली होती. तत्त्व म्हणून ती सुसंगत होती; परंतु ज्या लक्षावधि बायका १९५१ सालीं प्रथमच मतपेटीपाशीं गेल्या त्यांना देणाराच्या हातापेक्षां मिळालेली वस्तु महत्त्वाची वाटली, आणि त्यांनाहि दोष देतां येत नाहीं.

एप्रिल १९५३ मध्यें राजधानींतल्या एका सभेच्या वेळीं बाँब फुटले आणि सरकारविरोधकांची धरपकड सुरू झाली. ८ मे रोजीं मार देल प्लाता येथील घरांतून बाईंना पोलिसांनीं नेलें आणि ब्वेनोस आयरेसच्या स्त्रियांच्या तुरुंगांत ठेवलें. वय त्रेसष्ट. आरोप कोणताहि नाहीं. बाहेर गाब्रिएला मिस्त्राल यांनीं पेरोन यांस तार केली; आपल्या पंडित जवाहरलाल नेहरूंनींहि त्यांच्या सुटकेसाठीं शब्द खर्च केला. सव्वीस दिवसांनीं त्यांना सोडण्यांत आलें. त्या कोंडीविषयीं बाईंनीं पुढें लिहितांना एक विलक्षण अनुभव नमूद केला : बाहेर असतांना सतत जी भीति डोक्यावर टांगलेली असे ती आंत गेल्यावर नाहींशी झाली, आणि तुरुंगांत आपणांस अधिक मोकळें वाटलें.

आतां एका दुःखद प्रकरणाचा उल्लेख केल्यावांचून गत्यंतर नाहीं. १९३८ पासून ‘सूर’चा रोजचा कारभार होसे बिआंको हे लेखक पाहत असत. कोणता लेख घ्यावा, कोणता सुधारावा, कोणाला पुन्हां लिहावयास सांगावें, हें सारें त्यांच्या हातीं होतें, आणि ‘सूर’ची जी कीर्ति झाली तींत त्यांचा वांटा फार मोठा आहे. १९६१ सालीं क्यूबाच्या एका वाङ्मयीन पारितोषिकाचे परीक्षक म्हणून हवानाला येण्याचें निमंत्रण त्यांनीं स्वीकारलें. क्यूबांतल्या क्रांतीविषयीं बाईंना विश्वास वाटत नव्हता. बिआंको यांच्या या प्रवासाशीं ‘सूर’चा कांहीं संबंध नाहीं, असा खुलासा त्यांनीं ‘सूर’मध्येंच छापला. परत आल्यावर बिआंको यांनीं राजीनामा दिला आणि तेवीस वर्षांचा संबंध तुटला.

माझ्या मतें बाईंच्या संपादकीय आयुष्यांतला हा सर्वांत उणा क्षण होय. सहकाऱ्याशीं मतभेद होणें अपरिहार्य आहे. परंतु त्याच्या पाठीमागें, ज्या पानांवर तो इतकीं वर्षें राबला त्याच पानांवर, त्याला दूर लोटणारें निवेदन छापणें म्हणजे संभाषण तोडणें होय. मध्यें बोलूं नको या आज्ञेविरुद्ध जिनें जन्मभर लढा दिला तिच्याच हातून ती आज्ञा एकदां निघून गेली. सत्ता हातीं आली, मग ती एका नियतकालिकाची कां असेना, कीं हा मोह कोणालाहि होतो. बाईंचें मोठेपण मानणारांनीं ही गोष्ट झांकून ठेवूं नये, कारण झांकाझांक हीच त्यांना सर्वांत अप्रिय होती.

येथें आपण आत्मचरित्राकडे येतों. १९५२ च्या सुमारास, साठी उलटल्यावर, त्यांनीं तें लिहावयास घेतलें. ‘साक्षी’चे एकंदर दहा खंड १९३५ ते १९७७ या काळांत त्यांच्या डोळ्यांदेखत छापले गेले, आत्मचरित्राचे सहा खंड मात्र १९७९ पासून १९८४ पर्यंत, त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. हा त्यांचाच निश्चय होता. यांत भित्रेपणा होता काय? तसें मला वाटत नाहीं. जिवंतपणीं छापावयाचें म्हटलें कीं लेखणी अडखळते. हा दुखावेल, ती रुसेल, अमक्याच्या घरांत कलह होईल, असा विचार करीत करीत एकेक वाक्य गुळगुळीत होत जातें आणि शेवटीं राहतो तो सभ्य असत्याचा गठ्ठा. बाईंनीं छापण्याचें सुख सोडलें आणि लिहिण्याचें स्वातंत्र्य राखलें. विवाहाचें वैफल्य, हूलियान मार्तीनेसवरचें प्रेम, त्यासाठीं वर्षानुवर्षें करावा लागलेला लपंडाव, वडिलांविषयींची माया आणि त्यांच्या नियंत्रणाविषयींची चीड, हें सर्व त्यांनीं स्वतःच्या नांवानिशीं आणि कादंबरीचा पडदा न घेतां लिहिलें. वुल्फबाईंनीं १९३४ मध्यें जें मागितलें होतें तें असें पन्नास वर्षांत पुरें झालें. मागणारी आणि देणारी, दोघीहि तोंवर गेल्या होत्या.

उत्तरायुष्यांत त्यांचे मानसन्मान झाले. १९६७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना सन्माननीय पदवी दिली. १९६८ मध्यें इंदिरा गांधी आर्जेन्टिनाला गेल्या असतां विश्वभारतीची ‘देशिकोत्तम’ ही पदवी त्यांनीं बाईंना अर्पण केली. १९७० नंतर ‘सूर’ नियमितपणें निघेनासा झाला. १९७३ मध्यें बाईंनीं सान इसिद्रो आणि मार देल प्लाता येथील आपलीं दोन्ही घरें युनेस्कोला देऊन टाकलीं. १९७७ सालीं आर्जेन्टिनाच्या साहित्य अकादमीनें त्यांना आपलें सभासद करून घेतलें. त्या आसनावर बसणारी ती पहिलीच स्त्री. २७ जानेवारी १९७९ रोजीं सान इसिद्रो येथें त्यांचें निधन झालें.

अकादमींतल्या त्या प्रवेशाच्या भाषणांत त्यांनीं कोणाचें स्मरण केलें हें सांगून मी आपली रजा घेतों. व्हर्जिनिया वुल्फ आणि गाब्रिएला मिस्त्राल यांच्याबरोबर त्यांनीं आगेदा या नांवाच्या एका स्त्रीला त्या सभागृहांत आणलें. ही सोळाव्या शतकांतली एक ग्वारानी आदिवासी स्त्री, एका स्पॅनिश विजेत्याच्या घरची दासी. तिच्याच वंशांत बाईंचा जन्म झाला होता. तिच्याविषयीं नांवापलीकडे फारसें कांहीं ठाऊक नाहीं. तिला काय वाटलें, तिनें काय सोसलें, हें कोणीं विचारलें नाहीं आणि कोणीं लिहिलें नाहीं. सत्त्याऐंशीव्या वर्षीं, देशांतल्या सर्वोच्च वाङ्मयीन संस्थेच्या व्यासपीठावर उभें राहून, घराण्याच्या वैभवाचा पाढा न वाचतां, ज्या पूर्वज स्त्रीला बोलण्याची पाळी कधींच मिळाली नाहीं तिचें नांव बाईंनीं उच्चारलें. इतरांसाठीं जागा करणें आणि आपली स्वतःची साक्ष देणें, हीं दोन कामें त्यांच्या दृष्टीनें एकच कशीं होतीं, तें त्या एका उच्चारावरून कळतें.